मागच्याला पुढे जाऊ द्या

गेल्या अंकात साठीनंतरच्या सायकलिंगविषयी दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. गंमत म्हणजे बरीचशी पत्रं सायकलपेक्षा माणसांविषयीच आहेत. मुलगा काय म्हणतो, ग्रुपमधले काय म्हणतात, शेजारी कसे बघतात. मी डॉक्टर नाही की शर्यतपटू नाही. सत्तरी ओलांडलेली, डाव्या गुडघ्याची झीज झालेली, नेमाने सायकल चालवणारी आणि तिचे नटबोल्ट स्वतः खोलून पुन्हा बसवणारी बाई आहे. तेवढ्या अधिकारात जे सांगता येईल ते सांगते.

ताई, माझं वय 66. निवृत्तीनंतर गिअरची सायकल घेतली आणि सकाळच्या एका ग्रुपमध्ये सामील झालो. बाकीचे चाळिशी-पन्नाशीतले. पहिल्याच चढाला मी मागे पडतो. पुढे कुठेतरी ते माझी वाट बघत थांबलेले असतात आणि मी पोचलो की लगेच निघतात. मोबाइलवर माझी सरासरी 16 दिसते, त्यांची 22. एक मित्र म्हणतो, हलकी सायकल घे, फरक पडेल. घ्यावी का? की हा नादच सोडावा?

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : 'मी पोचलो की लगेच निघतात.' म्हणजे त्यांना पाच मिनिटं विसावा मिळाला आणि तुम्हाला शून्य. त्या अख्ख्या ग्रुपात सगळ्यात खडतर सायकलिंग तुम्हीच करताय आणि वर स्वतःला कमीही समजताय. पहिलं काम, त्यांना तोंडावर सांगा : मी आल्यावर पाच मिनिटं थांबायचं, मी पाणी पिणार, मग निघायचं. ज्यांना हे जड जाईल त्यांचा ग्रुप सोडायला हरकत नाही. सायकल मात्र सोडू नका.

आता 16 आणि 22 यांची गोष्ट. कागदावर हा सहाचाच फरक दिसतो, म्हणून तो मनाला लागतो. पण सपाट रस्त्यावर सायकलवाल्याचा मोठा शत्रू म्हणजे समोरची हवा, आणि तिचा हिशेब सरळ नसतो. वेग दुप्पट केला तर हवेला मागे सारायला आठपट ताकद लागते. 16 वरून 22 वर जायचं तर हवेच्या वाट्याचीच ताकद अडीचपटीहून जास्त होते. ग्रुपमधला जो दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवतो, त्याच्यासाठी यातली बरीच हवा पुढचा माणूस कापत असतो. तुम्ही मागे एकटे पडलात की सगळी हवा तुमच्या छातीवर. शिवाय तिशीनंतर माणसाची प्राणवायू वापरण्याची क्षमता दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी घटत जाते. व्यायाम करणाऱ्याची सावकाश घटते, पण घटते. चाळिशीतल्या माणसाशी बरोबरी म्हणजे त्याच्या पंचवीस वर्षांशी बरोबरी. ती कशासाठी करायची?

हलक्या सायकलचं म्हणाल, तर तुम्ही आणि सायकल मिळून 85 किलो धरू. सायकल तीन किलोने हलकी घेतलीत तर एकूण वजनात जेमतेम साडेतीन टक्के फरक. तो चढावर थोडा जाणवेल, सपाटीवर जवळजवळ नाहीच. त्यापेक्षा टायरमधली हवा बघा. टायरच्या कडेवर किती हवा चालते ते उठावदार अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि निम्म्या लोकांनी ते कधी वाचलेलंच नसतं. कमी हवेचा टायर आणि कोरडी चेन जेवढं मागे ओढतात तेवढं तीन किलो वजन ओढत नाही. सायकल उचलून जिना चढवावी लागत असेल तर हलकी जरूर घ्या. ते कारण मला पटतं.

एक किस्सा सांगते. फ्रान्सचे रोबेर मार्शां. जन्म 1911 चा. साठी उलटल्यावर त्यांनी पुन्हा सायकल हातात घेतली. 2017 च्या जानेवारीत, वयाच्या 105 व्या वर्षी, पॅरिसजवळच्या बंदिस्त ट्रॅकवर तासाभरात 22.547 किलोमीटर चालवली. त्याआधी 102 व्या वर्षी हाच आकडा 26.927 होता. म्हणजे तीन वर्षांत चार किलोमीटरहून जास्त घट. म्हाताऱ्याची तक्रार काय, तर शेवटची दहा मिनिटं राहिल्याची पाटी दिसली नाही, नाहीतर आणखी जोरात गेलो असतो! त्यांच्याबरोबर काम केलेल्या व्हेरोनिक बिया या शास्त्रज्ञ बाईंनी नोंदवून ठेवलंय की 101 ते 103 या वयात त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता 13 टक्क्यांनी वाढली. तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. त्या काळातलं त्यांचं ऐंशी टक्के सायकलिंग हलकं होतं. जोर लावून चालवणं फक्त वीस टक्के.

तुमचा ग्रुप तुम्हाला शंभर टक्के जोर लावायला लावतोय. म्हणून आठवड्यातला एखादाच दिवस त्यांच्याबरोबर जा. बाकीचे दिवस एकटे किंवा तुमच्या चालीच्या माणसाबरोबर, मोबाइल खिशात. वेग ओळखायची खूण सोपी आहे : शेजारच्याशी गप्पा मारता याव्यात, पण गाणं म्हणायला गेलात तर दम पुरू नये. गाता येत असेल तर थोडं वाढवा, वाक्य तुटायला लागलं तर कमी करा. घड्याळातले हृदयाच्या ठोक्यांचे आकडे बघू नका, विशेषतः बीटा ब्लॉकर जातीची रक्तदाबाची गोळी चालू असेल तर. ती ठोके दाबून धरते, त्यामुळे तक्त्यातले आकडे तुम्हाला लागूच पडत नाहीत.

ग्रुपबरोबर जाल त्या दिवशीही परतायचं ठिकाण घरूनच ठरवून निघा. 'मी त्या फाट्यापर्यंत' असं निघतानाच सांगितलं की कोणी कोणाची वाट बघत नाही. अर्ध्यातून वळण्याची एक वेगळीच ऐट असते, करून बघा.

वय 61. लहानपणी सायकल शिकायची राहून गेली. आता शिकायची फार इच्छा आहे. मुलं हसतात, म्हणतात हाडं मोडून घेशील. या वयात तोल येतो का?

येतो. मुलांना हसू द्या, फक्त शिकताना त्यांना मागून सीट धरायला बोलावू नका. मागून धरणारा माणूस हा शिकण्यातला सगळ्यात मोठा अडथळा. तो धरतो तोवर तोल त्याचा असतो, सोडतो तेव्हा तुम्ही घाबरता.

दांडी उतरती असलेली, बुटकी सायकल मिळवा. सीट इतकी खाली घ्या की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतील. मग दोन्ही पायडलं काढून टाका. उजवं नेहमीसारखं सुटतं, पण डाव्याचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सैल होतं. हे माहीत नसलेली माणसं तासभर पान्याशी झटापट करून ते आणखी घट्ट करून ठेवतात.

आता मोकळं, सपाट, टणक मैदान. गवत नको, चाक अडतं. आधी सायकल शेजारी धरून चालवत न्या आणि दोन्ही ब्रेक दाबून ती थांबवायची सवय करा. मग बसून नुसतं चालत राहा, पायांनी जमीन ढकलत. एका दिवशी ढकलण्याच्या मधलं अंतर आपोआप लांबतं आणि पाय हवेत राहतात. तो क्षण प्रत्येकीला कळतो, सांगावं लागत नाही. नजर चाकाकडे जाईल, तिला ओढून दहा मीटर पुढे ठेवा. सायकल डावीकडे कलली तर हँडल किंचित डावीकडे, उजवीकडे कलली तर उजवीकडे. मन नेमकं उलट करायला सांगेल, त्याचं ऐकायचं नाही. आणि अगदी हळू जाण्यात सुरक्षितता शोधू नका. चालण्याच्या वेगाखाली सायकल डुगडुगते, थोडा वेग आला की स्वतःला सावरते.

असं तरंगता आलं, वळता आलं, की पायडलं परत लावा. सीट मात्र लगेच वर नको. किती दिवस लागतील विचाराल तर वीस-वीस मिनिटांचे तुकडे ठेवा आणि दिवस मोजू नका. थकल्यावर शिकलेलं टिकत नाही, शिवाय थकलेलं माणूसच पडतं. हेल्मेट पहिल्या दिवसापासून. हाडांची घनता कधी तपासली नसेल तर ती तपासणी मात्र आधी करून घ्या. तेवढ्यापुरतं मुलांचं बरोबर आहे.

सायकल चालवल्यावर गुडघा पुढच्या बाजूने दुखतो. वय 69. सायकल बंद करू का?

आधी सीट वर करा. जमिनीला पाय टेकावा म्हणून आपण सीट खाली ठेवतो आणि गुडघा दर फेरीला नको इतका दुमडतो. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पंजा पायडलवर आला की गुडघ्याला हवा तेवढा हलका बाक राहतो. एकदम वर नेऊ नका, पाच-पाच मिलिमीटरने वाढवा आणि मध्ये एकदोन फेऱ्या मारून बघा. दुखणं गुडघ्याच्या मागच्या बाजूला सरकलं तर सीट जास्त वर गेली असं समजा.

दुसरं म्हणजे गिअर. जड गिअर रेटण्यात आपल्या पिढीला मोठा पुरुषार्थ वाटतो. अर्धा मिनिट उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. पंचवीस वेळा येत असेल तर गिअर हलका करा, पस्तीसच्या आसपास आला की गुडघा आशीर्वाद देईल. माझ्या झिजलेल्या गुडघ्याचं मी याच दोन गोष्टींवर भागवते. चढ आला की सगळ्यात हलक्या गिअरवर, पायी जाणारा ओलांडून जाईल अशा चालीने. तो ओलांडतोही. मी त्याला नमस्कार करते.

सूज येत असेल, गुडघा अडकत असेल किंवा रात्री ठणकत असेल तर सीटशी खेळत बसू नका, डॉक्टरकडे जा. गुडघा बदललेल्या दोघांनी याच प्रश्नाखाली विचारलंय, त्यांना एवढंच : पायडलची पूर्ण फेरी व्हायला गुडघा साधारण 105 ते 110 अंश वाकावा लागतो. तो घरातल्या उभ्या सायकलवर वाकायला लागेपर्यंत रस्त्यावरच्या सायकलचा विषय काढू नका.

बॅटरीची सायकल घेतली तर ती फसवणूक नाही का?

कोणाची? मोटर पायडल मारल्यावरच मदत करते अशी सायकल असेल तर पाय चालवावेच लागतात. युरोपातल्या सात शहरांत झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॅटरीवाले आणि साधी सायकल चालवणारे यांच्या एकूण शारीरिक हालचालीत फारसा फरक दिसला नाही, कारण बॅटरीवाले जास्त लांब जात होते. चढाच्या आणि उलट्या वाऱ्याच्या धास्तीने जो घरीच बसला असता तो बाहेर पडतो, हा हिशेब मोठा.

मला काळजी वेगळीच वाटते. या सायकली वीस-पंचवीस किलोच्या असतात. उभ्या उभ्या तोल गेला तर त्या सावरता येत नाहीत, अंगावर येतात. विकत घेण्याआधी ती हाताने ढकलून, वळवून, स्टँडवर चढवून बघा. दुकानात सगळे बसून बघतात, ढकलून कोणी बघत नाही. आणि निघताना मदतीची पातळी सगळ्यात खालची ठेवा, दोन्ही ब्रेक दाबलेले ठेवा, नीट बसल्याशिवाय पायडलवर भार देऊ नका. जास्त मदतीवर नुसता पाय टेकला तरी काही सायकली पुढे उडी घेतात आणि माणूस अर्धा चढलेलाच राहतो.

बाबा 78 वर्षांचे आहेत, रोज सायकलवर फिरतात. आम्हा बहिणींना धडकी भरते. नाही म्हटलं तर चिडतात. त्यांची सायकल केव्हा बंद करावी?

वयाचा आकडा बघून बंद करू नका. त्यांच्याबरोबर एक दिवस जा, मागे राहा, काही बोलू नका आणि चार गोष्टी बघा.

पहिली, चढणं-उतरणं. नेदरलँड्समध्ये म्हातारी माणसं मोठ्या संख्येने सायकल चालवतात, आणि तिथल्या अभ्यासांत हेच पुढे आलं की ज्येष्ठांच्या पडण्यात सायकलवर चढता-उतरताना, जवळजवळ उभ्या उभ्या पडण्याचा वाटा मोठा आहे. धडक देणाऱ्या मोटारीची आपल्याला भीती वाटते, पण घात बरेचदा दारातच होतो. बाबा अजून चालत्या सायकलवरून मागे टांग फिरवून उतरत असतील. सगळी आयुष्यभर तसंच उतरलीत. मग एके दिवशी पाय कॅरियरला अडकतो. त्यांना उतरत्या दांडीची सायकल घेऊन द्या. 'लेडीज सायकल' म्हणून नाक मुरडतील, पण त्यांच्या वयाचा एखादा मित्र तशीच चालवताना दिसला की पुढचं काम तो करेल. उतरायची रीत अशी : आधी पूर्ण थांबायचं, सीटवरून पुढे सरकून एक पाय जमिनीवर, मग दुसरा.

दुसरी, मान. मागे वळून बघताना सायकल सरळ राहते का? मान कमी वळत असेल तर खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल वळतं, आणि सायकल नेमकी रहदारीत शिरते. वाहनं ज्या बाजूने ओलांडून जातात त्या बाजूला हँडलच्या टोकाला आरसा लावा. माझ्या सायकलला आहे, त्याच्याशिवाय मी आता निघतच नाही.

तिसरी, डोळे. मोतीबिंदू व्हायला लागला की दिवसा ठीक दिसतं, पण समोरून तिरपा सूर्य आला की सगळं पांढरं होतं. सूर्य वर आल्यावर निघायला सांगा. पहाटेचा हट्ट सोडला तर सायकल सोडावी लागणार नाही.

चौथी, गोळ्या. खुर्चीतून उठल्यावर त्यांना गरगरतं का? इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या असतील तर खिशात काहीतरी गोड हवं आणि उपाशीपोटी जायचं नाही. रक्त पातळ करायची गोळी असेल तर हे लिहून फ्रिजवर चिकटवा : डोक्याला मार लागला की बाहेरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. या माणसांना आतला रक्तस्राव उशिरा कळतो.

चारही ठीक असेल तर तुमची धडकी हा तुमचा प्रश्न. माफ करा, पण तसंच आहे. एखादी गोष्ट ठीक नसेल तर तेवढीच दुरुस्त करा. काहीच दुरुस्त होण्यासारखं नसेल तेव्हा तीनचाकीचा विचार येतो, पण तिला 'लहान मुलांची गंमत' समजू नका. तीनचाकी वळताना कलत नाही. आयुष्यभर दोन चाकांवर कललेला माणूस सवयीने कलायला जातो, ती ऐकत नाही, आणि वेगात वळलं तर आतलं चाक उचललं जातं. आठवडाभर मैदानात सराव हवा.

आणि तेही जमेनासं झालं, तर डेन्मार्कमध्ये 2012 साली ओले कासो नावाच्या गृहस्थाने सुरू केलेला उपक्रम बघा. वृद्धाश्रमातल्या माणसांना पुढे आसन असलेल्या सायकलरिक्षात बसवायचं आणि स्वयंसेवकाने मागून चालवायची. आता तो बऱ्याच देशांत पोचलाय. त्यात बाबांना पुढे बसवायचं आणि पायडल तुम्ही बहिणींनी मारायचं. मला वाटतं, बाबांना नसली तरी तुम्हाला ही सोय आतापासूनच शिकून ठेवायला हवी.

वय 70. मला लांब जायचंच नाही. जवळच्या सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं चालवते आणि फार आनंद होतो. याला सायकलिंग म्हणतात का? किती वाढवावं? सायकल मिळाल्यापासून चालणं बंद केलंय.

वाढवायचं कशाला? आनंद होतोय असं तुम्हीच लिहिलंय. रोजची पंचवीस मिनिटं म्हणजे आठवड्याला जवळपास तीन तास. जागतिक आरोग्य संघटना दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्यात तुम्ही आरामात बसता.

चालणं मात्र पुन्हा सुरू करा. 2018 मध्ये इंग्लंडमध्ये 55 ते 79 वयाच्या सव्वाशे हौशी सायकलवाल्यांवर अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे स्नायू आणि प्रतिकारशक्ती वयाच्या मानाने खूप चांगल्या निघाल्या. हाडांना तसा लाभ सायकलने होत नाही, कारण सायकलवर आपलं वजन सीट उचलते. हाडांना ते वजन स्वतः पेलायला लागतं, म्हणून चालणं आणि जिना. पासष्टीनंतर तोलाचे आणि ताकदीचे व्यायामही आठवड्यातून तीनदा करायला सांगतात. दात घासताना ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहिलात तरी सुरुवात होईल.

तुमच्या पत्राच्या शेवटी चेन करकरते म्हणून लिहिलंय. तिच्या आतल्या बाजूला थेंब-थेंब तेल सोडा, पायडल उलटं फिरवत राहा, आणि मग कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. ते ठेवलं तर धूळ धरतं आणि चेन काळी होते.